चामड्याची निगा: आधी ओळख, मग फडकं, सगळ्यात शेवटी क्रीम

माझी पहिली चामड्याची बॅग मी वापरून खराब केली नाही, काळजी घेऊन केली. फिकट तपकिरी रंगाची, खांद्याला अडकवायची बॅग होती ती. वर्षभराने कोरडी, रुक्ष दिसायला लागली म्हणून एका सुट्टीच्या दिवशी घरातलं खायचं तेल वाटीत घेतलं आणि कापसाच्या बोळ्याने मनसोक्त चोळलं. संध्याकाळी बॅग अशी काही चमकत होती की मी स्वतःवरच खूश! सकाळी बघते तर जिथे जिथे बोळा आधी टेकला होता तिथे काळपट धब्बे, पट्टा लुळा पडलेला, आणि घालून निघाले तर शर्टाच्या खांद्यावर तेलाचा ओघळ. दोन महिन्यांनी बॅगेला खवट वास यायला लागला. तो शेवटपर्यंत गेला नाही.

त्यानंतर बरेच बूट, पाकिटं, पट्टे, एक जॅकेट आणि एक सोफा माझ्या हाताखालून गेले. आता माझं ठाम मत असं आहे की घरातलं चामडं दुर्लक्षाने बिघडतं तितकंच उत्साहानेही बिघडतं. कंडिशनरची डबी आणून थेट चोळायला बसणं हा त्यातला सगळ्यात नेहमीचा उत्साह. म्हणून या लेखात क्रीम बरंच उशिरा येईल.

कातड्याचं चामडं होतं तेव्हा

कातडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या बारीक तंतूंचं दाट जाळं. ओलं ठेवलं तर कुजतं, नुसतं वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं. कमावताना तंतूंना कुजू न देणारा पदार्थ त्यात मुरवतात. जुनी रीत झाडांच्या सालींमधल्या टॅनिनची; तिला आठवडे, कधी कधी महिने लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांची पद्धत आली आणि तेच काम काही दिवसांवर आलं. आज बाजारात दिसणारं बहुतेक चामडं क्रोमचं असतं. सालीने कमावलेलं चामडं वापरून वापरून गडद होत जातं, त्याला ओळखीचा असा लाकडासारखा वास असतो, आणि पाण्याचं त्याला जास्त वावडं असतं.

कमावून झालं की चामड्यात तेलं मुरवतात. या स्निग्धतेमुळे तंतू एकमेकांवरून सरकतात, म्हणूनच बूट वाकतो आणि पाकीट दुमडतं. ऊन, उष्णता, वारंवार ओलं होणं आणि नुसती वर्षं यांनी ही स्निग्धता कमी होते. मग तंतू कोरडेच घासले जातात आणि तुटायला लागतात. कंडिशनरचं काम एवढंच, की गेलेल्या तेलातलं थोडंसं परत द्यायचं. डब्यांवर ‘पोषण’ असं छापलेलं असतं, पण चामड्याला भूक लागत नाही आणि जास्त वाढलं तर ते ताटात ठेवूनही देत नाही. सगळं आत घेतं आणि लुळं पडतं.

दुसरी गोष्ट आम्लतेची. तयार चामड्याचा पीएच साधारण 3.5 ते 5 असतो, म्हणजे ते किंचित आम्लधर्मी असतं. अंगाचा किंवा कपड्याचा वडीचा साबण 9 ते 10 च्या घरात, म्हणजे उलट अल्कधर्मी असतो. खाण्याचा सोडाही 8 च्या वर. अशा गोष्टींनी मळ निघतो, पण त्याबरोबर आतली स्निग्धताही निघते आणि वाळल्यावर चामडं कडक होतं. ‘साबणाने धुतलं तर किती स्वच्छ निघालं’ असं म्हणणाऱ्याला महिन्याभराने परत विचारावं.

तुमच्या हातात नेमकं काय आहे?

पुढचं सगळं या प्रश्नावर अवलंबून आहे, तेव्हा इथे घाई करू नका.

आधी वस्तू चामड्याची आहे का ते बघा. जिथे कापलेली कड उघडी दिसते, पट्ट्याच्या भोकापाशी किंवा खिशाच्या आतल्या टोकाला, तिथे निरखून पाहा. चामड्याची कड तंतुमय, किंचित केसाळ दिसते. रेक्झिनच्या कडेला वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली कापडाची वीण दिसते. तिसरा एक प्रकार म्हणजे चामड्याचा भुगा गोंदाने एकत्र करून वर थर दिलेला. त्याची कड पुठ्ठ्यासारखी दिसते, आणि त्याला ‘अस्सल लेदर’ म्हणून विकायला फार कुणाला लाज वाटत नाही. या दोघांना कंडिशनर लावणं म्हणजे रेनकोटला तेल लावणं. ओलसर फडक्याने पुसा आणि सोडून द्या. काडी पेटवून जाळून बघायचा सल्ला मिळेल. वस्तू ठेवायची असेल तर तो ऐकू नका.

चामडं आहे हे ठरलं की थेंबाची परीक्षा. न दिसणाऱ्या जागी, झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा बुटाच्या जिभेवर, बोटाने पाण्याचा एक छोटा थेंब ठेवा आणि मिनिटभर बघा.

थेंब पटकन शोषला जाऊन जागा गडद झाली तर चामडं उघड्या पोताचं आहे, म्हणजे त्यावर रंगाचा जाड थर नाही. यात कातडीवरची मूळ छिद्रं, ओरखडे, शिरांच्या रेषा दिसतात. हे सगळ्यात देखणं आणि सगळ्यात हळवं. थेंब तसाच गोल बसून राहिला तर चामड्यावर रंगाचा आणि वर पारदर्शक संरक्षक लेप आहे. बहुतेक सोफे, गाड्यांच्या सीट, रोजच्या वापराच्या पुष्कळशा बॅगा आणि बूट या गटातले. काही वेळाने हळूहळू शोषला गेला तर मधला प्रकार समजा आणि त्याला उघड्या पोताच्या चामड्यासारखंच जपा.

मखमली चामडं हात लावताच कळतं. कातड्याच्या आतल्या बाजूला घासून लव उठवली की ते स्वेड, आणि बाहेरची बाजू बारीक घासून लव आणली की नुबक. स्वेड या नावाचा अर्थ ‘स्वीडन’. फ्रेंचांमध्ये ‘स्वीडनचे हातमोजे’ प्रसिद्ध झाले आणि देशाचं नाव चामड्याला चिकटलं. काचेसारखं चकचकीत ते पेटंट लेदर. हे दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत, त्यांच्याबद्दल पुढे.

सामान

फार लागत नाही. जुन्या सुती बनियनचे तीन-चार तुकडे; पांढरेच घ्या, म्हणजे मळ किती निघाला आणि चामड्याचा रंग सुटतोय का हे दोन्ही दिसतं. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश. शिवणीसाठी जुना, मऊ टूथब्रश. चामड्यासाठीचा क्लीनर, ज्यावर पीएच संतुलित असल्याचं लिहिलंय असा. आणि बिनरंगी क्रीम कंडिशनर. नळाचं पाणी जड असेल तर डिस्टिल्ड पाणी घ्या, कारण जड पाणी वाळल्यावर क्षारांचे पांढरट ठिपके मागे ठेवतं.

सॅडल सोपबद्दल नेहमी विचारलं जातं. तो घोड्याच्या खोगिराच्या, लगामाच्या जाड चामड्यासाठी तयार झाला. त्यात मेण आणि तेल असतं हे खरं, पण शेवटी तो साबणच. मजबूत, जाड बुटांना वर्षातून एखाद वेळ चालेल. नाजूक हँडबॅगेपासून तो लांबच बरा.

बेबी वाइप्स, काच पुसायचा स्प्रे, भांडी घासायचं लिक्विड, व्हिनेगर, नेलपॉलिश रिमूव्हर हे सगळं कपाटात परत ठेवा. वाइप्स सौम्य वाटतात, पण त्या त्वचेसाठी असतात, आणि रोज रोज वापरल्या की लेप चिकट होऊन निघायला लागतो. हातावरच्या सॅनिटायझरचीही तीच गोष्ट. सॅनिटायझर ओला असतानाच बॅगेचं हँडल किंवा गाडीचं स्टिअरिंग धरायची सवय असेल, तर तिथला रंग का उडतोय याचं उत्तर तेच आहे.

सफाई, पायरीपायरीने

वस्तू रिकामी करा. बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका, अस्तर बाहेर ओढून कोपऱ्यातला कचरा काढा. बुटाच्या नाड्या सोडवा, आतला सोल बाहेर काढता येत असेल तर काढा. पाकिटातली कार्डं काढून घ्या. हे कंटाळवाणं आहे आणि लोक हेच टाळतात. मग नाडीखालची धूळ ओली होऊन चिखल होते आणि तोच चिखल आपण चामड्यावर चोळत बसतो.

मग कोरडा ब्रश. संपूर्ण वस्तूवर, शिवणीच्या दिशेने, हलक्या हाताने. बुटात वरचं चामडं सोलला शिवलेलं असतं ती खाच सगळ्यात जास्त धूळ धरते. धूळ म्हणजे बारीक वाळूच आहे. ती तशीच ठेवून ओलं फडकं फिरवलंत तर ते पॉलिश पेपरचं काम करतं. रोजच्या वापरातल्या बुटांना घरी आल्यावर अर्धा मिनिट ब्रश मारला तर पुढची निम्मी मेहनत लागतच नाही.

आता क्लीनरची चाचणी. थेंब ठेवला होता त्याच लपलेल्या जागी थोडासा क्लीनर फडक्यावर घेऊन चोळा आणि पूर्ण वाळू द्या. फडक्यावर किंचित रंग येणं चालतं. भरपूर रंग आला, जागा फिकट किंवा चिकट झाली, तर थांबा. हा क्लीनर या वस्तूसाठी नाही.

चाचणी पार पडली की कामाला लागा. फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की दाबल्यावर थेंब पडता कामा नये. क्लीनर फडक्यावर घ्या, चामड्यावर थेट कधीच ओतू नका. छोटे गोल करत, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग एका वेळी घ्या. फक्त डागावरच ओलं केलं तर वाळताना त्याच्या कडेला रेघ उमटते, किनाऱ्यावर लाटेची उमटते तशी. आणि ती मूळ डागापेक्षा जास्त दिसते. उघड्या पोताच्या चामड्यावर तर हा नियम मोडूच नका.

हँडल, बॅगेचा वरचा काठ, जॅकेटची कॉलर, मनगटाकडचा भाग, सोफ्याला डोकं टेकतं ती जागा इथे मळापेक्षा अंगाचं आणि केसांचं तेल जास्त असतं. तिथे दोनदा-तीनदा, दर वेळी फडक्याची नवी बाजू घेऊन पुसा. एकदाच जोर लावून घासण्यापेक्षा हे बरं. शिवणीत टूथब्रश, तोही जवळपास कोरडाच. शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने क्लीनरचा अंश पुसून काढा आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

बक्कल, झिप यांना धातूचं पॉलिश लावायचं असेल तर आधी त्यांच्याभोवती कागद किंवा चिकटपट्टी लावून चामडं झाका. ते पॉलिश चामड्याला लागलं की काळा डाग पडतो.

यानंतर वाळू द्यायचं. सावलीत, वारा खेळता असेल तिथे, निदान दोन-तीन तास. ओलसर चामड्यावर कंडिशनर लावण्याची घाई करू नका. आणि एवढं झाल्यावर वस्तूकडे नीट बघा: बऱ्याचदा ती कोरडी नव्हतीच, नुसती मळलेली होती, आणि आता छान दिसते आहे. तसं असेल तर डबी उघडायची गरज नाही.

कंडिशनर

कधी लावायचं याला कॅलेंडर नसतं, बोट असतं. चामडं वाकवल्यावर बारीक, पांढरट सुरकुत्या दिसतात का, हात फिरवल्यावर कागदासारखं कोरडं लागतं का, रंग उतरल्यासारखा वाटतो का, हे बघा. अंदाजच हवा असेल तर रोज घालायच्या बुटांना दोन-तीन महिन्यांनी, बॅगेला वर्षातून दोन-तीनदा, जॅकेटला एकदा, लेप असलेल्या सोफ्याला एक किंवा दोनदा. हवा कोरडी असेल, किंवा खोलीत हीटर अथवा एसी सतत चालत असेल तर थोडं लवकर.

काय लावायचं? नवशिक्यासाठी पाण्यात घुसळलेलं हलकं क्रीम सगळ्यात सुरक्षित. त्यात बहुधा लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली मेणचट स्निग्धता, किंवा मधमाशीचं मेण असतं. नीट्सफूट तेल हे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. ते आत चांगलं मुरतं, पण चामडं गडद करतं आणि जरा जास्त झालं की ढिलं पाडतं. जाड, कोरड्या, कामाच्या बुटांना ठीक. फिकट बॅगेला नको. मिंक या प्राण्याच्या चरबीपासूनच्या मिंक तेलाचंही तेच. स्वयंपाकघरातली तेलं मात्र कुठल्याच चामड्यासाठी नाहीत. ती हवेने खवट होतात, ही गोष्ट माझ्या नाकाने सिद्ध केलेली आहे. पेट्रोलियम जेली खवट होत नाही, पण वरच चिकट राहते आणि धूळ गोळा करते.

लेप असलेल्या चामड्यात क्रीम फारसं आत जातच नाही, कारण वाटेत लेप आहे. तिथे ते मुख्यतः वरचा थर लवचीक आणि देखणा ठेवतं. म्हणून सोफ्याला भरपूर क्रीम चोपडून काही साधत नाही, फक्त बसणाऱ्याचे कपडे तेलकट होतात.

लावायची पद्धत अशी. आधी लपलेल्या जागी चाचणी, आणि या वेळी रात्रभर थांबायचं, कारण काही क्रीमचा गडदपणा मुरल्यावर दिसतो, काहींचा वाळल्यावर जातो. मग कोरड्या मऊ फडक्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढं क्रीम घ्या. एका बुटाला तेवढं पुरतं. मध्यम बॅगेला असे तीन-चार दाणे. फडक्याला फडकं घासून ते पसरवून घ्या, म्हणजे पहिल्या स्पर्शाला धब्बा पडत नाही. पहिला हात मागच्या किंवा खालच्या बाजूला, समोरच्या दर्शनी भागावर शेवटी. गोल फिरवत पातळ, सारखा थर. जिथे वाकतं तिथे, म्हणजे बुटाच्या बोटांमागच्या घड्या, पट्ट्याची भोकं, हँडल वळतं ती जागा, किंचित जास्त.

पंधरा-वीस मिनिटं थांबा. वर जे ओलसर राहिलं असेल ते स्वच्छ फडक्याने पुसून टाका. आत गेलं तेवढंच कामाचं. वर राहिलेलं शर्टाला लागायचं. पुन्हा एक थर हवासा वाटला तर दुसऱ्या दिवशी ठरवा. एका दिवसात दोन थर लावायची इच्छा होतेच, आणि ती दाबण्यातच निम्मं कौशल्य आहे. शेवटी ब्रशने किंवा कोरड्या फडक्याने जरा जलद हात फिरवला की मंद चकाकी येते.

बुटांचं पॉलिश

पॉलिश आणि कंडिशनर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रीम पॉलिशमध्ये रंग आणि थोडी स्निग्धता असते, त्याने फिकट पडलेला रंग सावरतो. डबीतलं मेणाचं पॉलिश चमक आणि पाण्यापासून थोडं संरक्षण देतं, पण चामडं मऊ करत नाही. क्रम कायम सफाई, कंडिशनर, क्रीम पॉलिश, मेण असा. मेणाची आरशासारखी चमक फक्त टोकाला आणि टाचेला आणावी, जिथे बूट वाकत नाही. घड्यांवर मेणाचे थर चढवले की ते तडकतात आणि लांबून चामडंच फाटल्यासारखं दिसतं. जुने थर साठले असतील तर वर्षातून एकदा ते काढून नव्याने सुरुवात करा.

बुटांसाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे विश्रांती. दिवसभरात पायाचा घाम चामड्यात शिरतो. तो निघायला एक रात्र पुरत नाही. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून दुपटीहून जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे. आत देवदाराच्या लाकडाचा साचा घातला तर ओल शोषली जाते आणि घड्या सरळ होतात. शूहॉर्न, म्हणजे टाच बुटात सरकवायची पट्टी, वापरा; टाच दाबून पाय घुसवणाऱ्यांच्या बुटांना कुठलंही क्रीम वाचवू शकत नाही.

भिजलं, सांडलं, बुरसटलं

भिजलेली वस्तू आधी टिपून घ्या, चोळू नका. आत साधा कोरा कागद चुरगळून भरा आणि तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्रही चालतं, पण फिकट अस्तराला त्याची शाई लागते. मग सावलीत एक-दोन दिवस. हेअर ड्रायर, हीटर, कडक ऊन यांच्यापासून लांब ठेवा, आणि याला पक्कं कारण आहे: सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण 70 ते 85 अंश सेल्सिअसला आकसतं आणि ते परत पूर्वीसारखं होत नाही. क्रोमचं चामडं याहून जास्त सोसतं, पण सोल चिकटवलेला गोंद सोसत नाही. पूर्ण वाळलं की मगच थोडं कंडिशनर, कारण पाण्याबरोबर स्निग्धताही गेलेली असते.

तेल सांडलं तर पाणी लावू नका. टिपून घ्या, वर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवरचा जाड थर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झटका. गरज पडली तर पुन्हा करा. उघड्या पोतावर थोडा डाग राहू शकतो. बऱ्याचदा तो महिन्या-दोन महिन्यांत आत पसरून आपोआप अंधूक होतो.

बॉलपेनच्या शाईबद्दल वाईट बातमी आहे. लेप असलेल्या चामड्यावर ताजी असेल तर क्लीनरने काही अंशी निघते. स्पिरिटने शाई निघते, पण तिच्या पाठोपाठ लेप आणि रंगही निघतो, आणि निळ्या रेघेच्या जागी पांढरा चट्टा येतो. उघड्या पोतात शाई शिरली की ती तिथली झाली.

घामाचे किंवा रस्त्यावरच्या क्षारांचे पांढरे पट्टे बुटांवर येतात. व्हिनेगर कपाटात ठेवायला सांगितलं होतं, त्याला हा एक अपवाद: पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग, पिळलेल्या फडक्याने हलकेच पुसायचं, मग साध्या पाण्याने. चाचणी इथेही आधी.

कपाटातून काढलेल्या बॅगेवर पांढरी पूड दिसली की सगळे बुरशी म्हणतात. नेहमी ती असतेच असं नाही. चामड्यातली काही मेदाम्लं वर येऊन गोठतात, तेव्हाही अगदी असाच पांढरा थर दिसतो. फरक ओळखायला कोरड्या वस्तूवर, लांबून, ड्रायरची कोमट हवा दोन सेकंद मारा. विरघळून गायब झालं तर मेद. कोरड्या फडक्याने पुसून टाका, काही बिघडलेलं नाही. तसंच राहिलं, ठिपक्याठिपक्यांत असेल आणि कोंदट वास येत असेल तर बुरशी.

बुरशी घरात झटकू नका, तिचे बीजाणू बाकीच्या कपाटभर पसरतात. बाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून ब्रश मारा आणि तो ब्रश धुऊन घ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन, पिळलेल्या फडक्याने हलकेच पुसा. लेप असलेल्या चामड्यावरसुद्धा आधी चाचणी, उघड्या पोतावर तर दुप्पट सावधपणा, कारण अल्कोहोल रंग उचलतं. वस्तू हवेशीर जागी पूर्ण वाळवा. जिथून ती काढली तो कप्पाही पुसा, नाहीतर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. अस्तरात खोल गेलेली बुरशी घरी निघत नाही.

मखमली आणि चकचकीत

स्वेड आणि नुबकला क्रीम, मेण, तेल काहीही लावायचं नाही. लव चिकटून बसते आणि मखमल कायमची संपते. रबराचा किंवा बारीक तारांचा ब्रश एकाच दिशेने फिरवायचा, मळाच्या डागावर स्वच्छ पांढरं खोडरबर. दबलेली लव उठवायला किटलीची वाफ दोन-तीन सेकंद, हातभर अंतरावरून, आणि लगेच ब्रश. वापरायला काढण्याआधी स्वेडसाठीचा पाणीरोधक स्प्रे मोकळ्या हवेत मारून घ्या. पेटंट लेदरला फक्त ओलसर फडकं. त्याला दुसऱ्या रंगीत वस्तूला किंवा छापील कागदाला चिकटून ठेवू नका, तो रंग वरच्या थरात शिरतो आणि निघत नाही.

जे क्रीमने होत नाही

भेग म्हणजे तुटलेले तंतू. कंडिशनर ते सांधत नाही. फक्त भेग गडद करून थोडी लपवतं. भरावाचं मिश्रण आणि रंग वापरून ती दुरुस्त होते, पण ते काम हात बसलेल्या कारागिराला द्या. उसवलेली शिवण मात्र लगेच दाखवा, एक टाका सुटला की शेजारचे त्याच्या मागे लागतात.

रेक्झिनचे पापुद्रे निघायला लागले तर ते सामान संपलं. हवेतल्या ओलाव्याने वरचा पॉलियुरेथेनचा थर हळूहळू तुटत जातो, आणि कपाटात न वापरता ठेवलेल्या वस्तूलाही हे होतं.

आणि घरात चामड्याच्या बांधणीची जुनी पुस्तकं असतील तर त्यांना काहीच लावू नका. हात लावल्यावर लालसर भुकटी निघते ती चामड्यातल्या आम्लामुळे. कोळशाच्या आणि गॅसच्या दिव्यांच्या धुरातलं गंधक हे त्याचं एक कारण. हा त्रास इतका वाढला होता की लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने 1905 साली बांधणीच्या चामड्यावर खास अहवाल प्रसिद्ध केला. एके काळी ग्रंथालयं अशा पुस्तकांना नेमाने तेल लावत. आता ती प्रथा बहुतेक ठिकाणी सोडून दिली आहे, कारण तेलाने भुकटी थांबत नाही, उलट ते पानांत उतरतं.

ठेवताना

ठेवण्याआधी वस्तू स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी. बॅगेत कागदाचे गोळे भरून आकार धरून ठेवा, हँडल वर मोकळं राहू द्या. जॅकेट रुंद खांद्याच्या हँगरवर. पट्टा टांगलेला किंवा सैल गुंडाळलेला. पाकीट मागच्या खिशातून काढून. त्यावर रोज बसून वर क्रीम लावण्यात अर्थ नाही. सगळ्यावर सुती कापडाची पिशवी, प्लास्टिकची कधीच नाही, कारण तिच्यात ओल अडकते. कप्प्यातली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला आमंत्रण. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या भरल्या की बदला. सोफा खिडकीच्या थेट उन्हात किंवा हीटरला खेटून असेल तर तो हातभर सरकवा.

महिन्या-दोन महिन्यांनी पिशवी उघडून वस्तू बाहेर काढा, एकदा वाकवून बघा आणि नाकाशी धरा. कोंदट वास आला तर दिवसभर हवेवर ठेवा. काहीच वास आला नाही तर परत आत ठेवून द्या, क्रीमची डबी तिथेच शेजारी असली तरी.